गावडे आणि त्यांचा सांगकाम्या

सदानंद गावड्यांना ज्या ज्या गोष्टींची किळस यायची त्यांची यादी मी एकदा जेवणाच्या सुट्टीत करायला घेतली होती. कँटीनच्या कपाला चिकटलेली साय, दुसऱ्याच्या घामाने ओला झालेला फोनचा रिसीव्हर, तोंडात पान ठेवून बोलणारा माणूस, वाढदिवसाला एकमेकांना हाताने भरवलेला केक, गिऱ्हाइकापुढे कमरेत वाकणारे सेल्समन, आणि लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव चार ठिकाणी घातलेले प्रोग्रॅम. कागद भरला, सुट्टी संपली आणि यादी अर्धवट राहिली. आज ती पुरी करायची झाली तर मी तिच्यात आमच्या कंपनीचं नाव घालीन आणि त्याच्याखाली माझं.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे डबे बनवणारा एक कारखाना होता, त्याच्या डोक्यावर आमची कंपनी. आम्ही कॉम्प्युटर बनवतो असं जाहिरातीत लिहिलेलं असे. खरं म्हणजे बाहेरून आलेले सुटे भाग एका कपाटात बसवायचे आणि कपाटाच्या दारावर आपली पाटी लावायची, एवढंच काम. मशीनला जाग आणणारी, टेप फिरवणारी, कागद छापणारी जी ऑपरेटिंग सिस्टीम लागते, तीसुद्धा परवाना घेऊन आणलेली. ती आपल्या मशीनला जुळवून घेणं हे गावड्यांच्या विभागाचं काम. तिची मॅन्युअलं लिहिणं हे माझं. गावडे मला कधी नावाने हाक मारत नसत. "काय लेखक?" म्हणायचे, आणि त्या 'लेखक'मध्ये आदराचा अंशही नसे.

काटकुळा माणूस. सफेद हाफ शर्ट, आणि वरच्या खिशात पेनाच्या जागी स्पिरिटची छोटी बाटली. कॉम्प्युटर असलेल्या खोलीत आम्ही सगळेच चपला बाहेर काढून जायचो, पण गावडे आत गेल्यावर जुन्या बनियनच्या तुकड्याने आपल्या टर्मिनलची एकेक कळ पुसत. ते झालं की आदल्या दिवशी कुणीतरी लिहिलेल्या प्रोग्रॅमचा कागद चिमटीत धरून लांबूनच वाचत. मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर नेतात तसा. "शी!" म्हणाले तर समजायचं, थोडक्यात निभावलं. काही न बोलता कागद खाली ठेवून हात पुसले, तर पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहायचं.

अमेरिकेत दोन वर्षं राहून आलेला एक इंजिनियर आमच्याकडे लागला होता. त्याचा कागद असाच खाली ठेवला गेला, तेव्हा तो जरा तडकून म्हणाला, "पण सर, प्रोग्रॅम चालतोय ना?"

"चालता रे," गावडे म्हणाले. "झुरळ पण चालता."

चिडले की ते मालवणीत बोलत. घरी जोगेश्वरीला हीच बोली. वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे, होते. गिरणी बंद पडल्यापासून घरीच बसून असत. गावड्यांनी त्यांच्याबद्दल माझ्याशी फारसं बोलणं कधी काढलं नाही.

आमच्याशी असं वागणारा हा माणूस गिऱ्हाइकांच्या कचेरीत गेला की ओळखू येत नसे. कारकुनाला खुर्ची द्यायचे, स्वतः स्टूल ओढून त्याच्यापेक्षा खाली बसायचे आणि एकच गोष्ट पाच वेळा तितक्याच शांतपणे सांगायचे. तिथल्या कपातला चहाही प्यायचे. मी एकदा सहज विचारलं, तर म्हणाले, "त्या लोकांना उगाच वाईट वाटेल रे." आमच्या कँटीनच्या पोऱ्याला काय वाटत असेल हे मात्र त्यांच्या कधी डोक्यात आलं नसावं.

बोरिवलीच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी जे पाहिलं तिथून पुढचं सगळं सुरू झालं. मशीनबरोबर परदेशाहून एक छोटी भाषा आलेली होती. रोजची कामं एकाखाली एक लिहून ठेवायची, अमकी फाइल आण, तमक्या टेपवर ठेव, कागदावर छाप, आणि मग एका हुकमावर ती सगळी ओळीने करून घ्यायची, यासाठी अशी भाषा लागते. ही परदेशी भाषा इंग्रजी, तुटक अक्षरांची आणि स्वभावाने खाष्ट होती. जरा कुठे चुकलं की घंटी वाजवायची, 'एरर' म्हणून छापायची आणि हटून बसायची. त्या कचेरीच्या साहेबाने फतवा काढला होता की 'एरर' छापलेला प्रत्येक कागद वहीत चिकटवायचा आणि खाली ज्याच्या हातून झालं त्याचं नाव लिहायचं. निवृत्तीला आलेला एक कारकून सकाळी टर्मिनलला हात जोडायचा आणि दिवसभर टेबलाखाली वही धरून हाताने काम करायचा.

परत आल्यावर गावडे कितीतरी वेळ हात पुसत बसले होते. "मशीन माणसावर ओरडता," ते म्हणाले, "ह्यां काय बरां नाय."

त्यांनी स्वतःची भाषा लिहायला घेतली. कंपनीने सांगितलेलं नव्हतं, वेळही दिलेला नव्हता. तीन वर्षं लागली. अक्षरं रोमन, कारण पडद्यावर तीच उमटत, पण शब्द आपले: आण, ठेव, छाप, पूस. भाषेचं नाव त्यांनी ठेवलं 'सांगकाम्या'. तिचा सगळ्यात मोठा गुण असा की ती कधी ओरडत नसे. फाइल सापडली नाही, तर ती रिकामी आहे असं समजायची आणि पुढे जायची. यादी संपली की पडद्यावर एकच शब्द यायचा: 'झालं'. मी मॅन्युअलमध्ये लिहिलं, 'ही भाषा वापरणाऱ्याला घाबरवत नाही.' माझ्या लिखाणातलं गावड्यांना आवडलेलं तेवढं एकच वाक्य. त्यांनी ते दोनदा वाचलं होतं.

गिऱ्हाइकांकडे गेले की रोजच्या कामांसाठी गावडे ती तिथल्या मशीनवर घालून देत. कचेऱ्यांतून सांगकाम्याचं कौतुक यायला लागलं. मग आमचे डायरेक्टर कर्णिकसाहेब जागे झाले. एक मोठं सरकारी टेंडर निघणार होतं आणि त्यात देशी बनावटीला जादा गुण होते. आमच्या सिस्टीममध्ये देशी म्हणावं असं दारावरच्या पाटीखेरीज काही नव्हतं. कर्णिकांनी ठरवलं की नव्या आवृत्तीत परदेशी भाषा काढून टाकायची आणि तिच्या जागी गावड्यांची घालायची. दोन्ही ठेवायला डिस्कवर जागा नव्हती आणि दोन्ही सांभाळायला माणसं नव्हती. एकदा आत गेली की मशीन सुरू होण्यापासून संध्याकाळच्या टेपपर्यंत सगळं तिच्यातच लिहिलं जाणार होतं. सांगकाम्या हे नाव कर्णिकांना हलकं वाटलं. त्यांनी बदलून 'आज्ञा' केलं. रीतसर दिसावं म्हणून निवड समिती नेमली. कर्णिक, मार्केटिंगचे सबनीस, कर्णिकांकडे बघून मान हलवणारे आणखी दोघे, गावडे आणि मी.

त्या आठवड्यात गावडे चक्क खूश दिसत होते. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "लेखक, मॅन्युअल नीट लिही हां. आता लांब जाणार ती." त्यांना हसताना मी तेव्हाच काय ते पाहिलं.

मुलुंडकडच्या एका इस्पितळात आमचं मशीन होतं. पेशंटांच्या केसपेपरची सूची त्यावर ठेवत: नाव, नंबर, कुठल्या कपाटात कुठला गठ्ठा. रोज संध्याकाळी त्या सूचीची टेपवर प्रत करायचं काम सुलभा कांबळे नावाच्या बाईंकडे होतं. सांगकाम्यात लिहिलेल्या चार ओळी. बाई कळ दाबायच्या, 'झालं' आलं की रजिस्टरमध्ये सही करायच्या आणि घरी जायच्या. मध्यंतरी आमच्या सर्व्हिसवाल्याने टेपचं यंत्र बदललं. नव्या यंत्राचं सिस्टीममधलं नाव वेगळं, आणि ते त्या चार ओळींत बदलायला तो विसरला. सांगकाम्या जुन्या नावाचं यंत्र शोधायचा, मिळालं नाही की सोडून द्यायचा आणि नम्रपणे 'झालं' म्हणायचा. अकरा दिवस. बाराव्या दिवशी डिस्क बसली. टेप लावून बघतात तर ती कोरी.

आधीची सूची जुन्या यंत्राच्या टेपवर होती. त्या अकरा दिवसांतले केसपेपर गठ्ठ्यांत होते, पण कुठला कुठे हे सांगणारी सूची गेली होती. भांडुप-मुलुंडची माणसं खिडकीशी उभी, आणि आतून उत्तर येई, "सापडत नाही, नवा पेपर काढा." ज्यांची तपासणी चार दिवसांपूर्वी झाली होती त्यांना पुन्हा रक्त द्यायला पाठवत होते.

कांबळेबाईंना खुलासा मागणारं पत्र मिळालं. रोज प्रत न करता रजिस्टरमध्ये खोट्या सह्या केल्या, असा आरोप. नोकरी जायची वेळ. गावडे आणि मी तिथे गेलो तेव्हा त्या उभ्या राहून बोलत होत्या आणि हेडक्लार्क बसून ऐकत होता.

"साहेब, मी रोज करत होते," त्या गावड्यांना म्हणाल्या. "रोज झालं यायचं. तिसऱ्या दिवशी मी ह्या हेडक्लार्कसाहेबांना सांगितलं पण, टेप फिरायचा आवाज येत नाही म्हणून. हे म्हणाले, स्क्रीनवर काय लिहिलंय? मी म्हटलं, झालं. तर म्हणाले, मग झालं ना!"

हेडक्लार्क आमच्याकडे वळून, बाईंना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "कोट्यातून भरलं की असंच होणार. आम्ही किती बघायचं?"

गावड्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मी आजवर त्यांच्या चेहऱ्यावर शंभर प्रकारची किळस पाहिली होती, ही त्यातली नव्हती. "प्रोग्रॅम मी लिहिलाय," ते म्हणाले, "आणि मी कोट्यातला नाय. आता बोला."

इथे मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तिसऱ्या दिवशी बाईंनी कंपनीलाही फोन केला होता. जेवणाच्या सुट्टीत फोन आमच्या मॅन्युअलवाल्यांच्या टेबलावर वळवलेला असे, आणि तो मी घेतला होता. टेपचा आवाज येत नाही म्हणाल्या. माझं पोळीभाजीचं ताट समोर होतं. मी म्हटलं, "नवं मॉडेल आहे बाई, आवाज कमी करतं." त्या दिवशी इस्पितळात त्यांनी माझा आवाज ओळखला की नाही, मला माहीत नाही. गावड्यांना हे मी कधीच सांगितलं नाही.

कंपनीत परत आल्यावर गावड्यांनी सांगकाम्याचा सगळा प्रोग्रॅम छापून काढला, जमिनीवर पसरला आणि गुडघ्यांवर बसून वाचला. स्वतःचाच कागद चिमटीत धरलेला मी त्या दिवशी प्रथम पाहिला.

"हे बघ," ते म्हणाले, "इथे. 'सापडलं नाही तर सोड.' दयेपोटी लिहिलंय मी हे. घाण आहे, लेखक. चांगला कपडा घातलेली घाण."

"मग बदलू या ना," मी म्हटलं. "ओरडायला लावू."

"सगळी त्याच पायावर उभी आहे. एकेक कचेरी हिंडून तिथल्या ओळी बदलाव्या लागतील. सहा महिने दिले तर करीन." मग थांबून म्हणाले, "सहा महिने देतील?"

टेंडरला तीन आठवडे होते.

समितीची बैठक झाली. गुणांचा तक्ता मीच टाइप केलेला. शिकायला सोपी, दिसायला सुबक, जागा किती खाते, देशी की परदेशी. खरं सांगते की नाही, असा रकाना त्यात नव्हता. मला सुचला नव्हता असं म्हणता येईल. सुचला असता तरी मी घातला नसता. गावड्यांनी सांगकाम्याला सगळ्या रकान्यांत शून्य दिलं. कर्णिक म्हणाले, "अहो गावडे, स्वतःच्या पोराला असं नापास करतात का?"

"तुम्हाला दाखवतो," गावडे म्हणाले.

त्यांनी दोन टर्मिनलं शेजारी शेजारी मांडून ठेवली होती. दोन्ही भाषांना एकच काम सांगितलं: अस्तित्वात नसलेली फाइल घ्या आणि नसलेल्या टेपवर ठेवा. परदेशी भाषेने घंटी वाजवली, इंग्रजीत काहीतरी फटकारलं आणि बंद पडली. दुसऱ्या पडद्यावर 'झालं' आलं.

"बघितलंत?" गावडे वळून म्हणाले. त्यांना वाटलं होतं की आता बोलायची गरजच नाही.

"वा!" कर्णिक म्हणाले. "किती शांत आहे ही!"

"ते घंटीचं बाकी फार वाईट दिसतं," सबनीस म्हणाले. "गिऱ्हाइकासमोर मशीनने चूक दाखवणं बरं नाही. डेमोला तर वाटच लागेल."

"अहो, ती खोटं बोलतेय!" गावड्यांचा आवाज चढला. "काही झालेलं नाही आणि झालं म्हणतेय! तिकडे मुलुंडला एक बाई ह्याच्यापायी नोकरीवरून निघतेय. एक पत्र द्या इस्पितळाला. कंपनीच्या कागदावर. दोष भाषेचा आहे, बाईंचा नाही, एवढंच."

कर्णिकांनी चष्मा काढून पुसला. "गावडे, आज आपण जी भाषा सिस्टीममध्ये घालतोय, तिच्यात दोष आहे असं पत्र आपणच काढायचं? टेंडरच्या आधी? पुढच्या आवृत्तीत बघू ना. तुम्हीच सुधारा, तुम्हाला कोण अडवतंय?"

"आणि त्या बाई?"

"इस्पितळाचा अंतर्गत मामला आहे तो."

मग हात वर करायला सांगितले. आज्ञेच्या बाजूने पाच. पाचवा हात माझा. तो वर जाताना गावड्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, ही त्यातल्या त्यात माझी सोय झाली. माझी कारणं होती. बायको, भाड्याची खोली, येऊ घातलेली बढती, सगळ्यांची असतात तीच. ती आज लिहितानाही तोंडाला कडू चव येते.

टेंडर मिळालं. कंपनीने वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये गावड्यांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, चौकटीत घातलेलं मानपत्र. मानपत्राचा मजकूर कुणी लिहिला हे सांगायला नको. गावडे येतील असं मला वाटलं नव्हतं. आले. स्वच्छ शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. एवढी माणसं एके ठिकाणी जमलीत तर सगळ्यांसमोर बोलून टाकावं, असा त्यांचा हिशेब होता, हे मला नंतर कळलं.

कर्णिकांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गावडे माइकसमोर उभे राहिले.

"ह्या भाषेचा सत्कार करू नका," ते म्हणाले. "ती खोटं बोलते. मी लिहिलीय, म्हणून मला माहीत आहे."

हॉल हसला. आपल्याकडे सत्काराला उत्तर देताना माणसाने स्वतःला कमी लेखायचंच असतं. मी काय केलं, मी तर निमित्तमात्र, असं म्हणायचं असतं आणि समोरच्यांनी अधिक जोरात टाळ्या वाजवायच्या असतात. लोकांना वाटलं, गावड्यांनी तेच जरा गमतीने म्हटलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारणीला म्हटलं, "किती साधे आहेत बघ ना."

"मी गंमत करत नाही," गावडे म्हणाले. पुन्हा हशा. त्यांचे कान लाल झाले. "माझे वडील साचेवाले होते. धागा तुटला की त्यांचा साचा आपोआप थांबायचा. तुटलेल्या धाग्यावर कापड विणत जाणारा साचा कुठल्याच गिरणीने घेतला नसता. तो मी बनवलाय आणि तुम्ही घेतलाय."

यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. गिरणी कामगाराचा मुलगा आणि एवढी झेप, वगैरे. कर्णिकांनी तर रुमालाने डोळे टिपले.

"एका बाईची नोकरी जातेय," गावडे टाळ्यांवरून ओरडले. "सुलभा कांबळे तिचं नाव..."

सबनीसांनी पुढे होऊन माइकवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने गावड्यांच्या पाठीवर थोपटत सगळ्यांना सांगितलं की बटाटेवडे गरम आहेत. खुर्च्या सरकल्या. लोक उठले. येताजाता त्यांनी गावड्यांचा हात हातात घेतला, कुणी पायाही पडलं. तेल लागलेल्या बोटांनी त्यांचे हात दाबले जात होते आणि ते काही पुसत नव्हते. मी भिंतीशी उभा राहून वडा खाल्ला. चांगला होता, हेही लक्षात आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांचा राजीनामा आला. एका ओळीचा. शाल आणि मानपत्र टेबलावर तशीच होती.

त्यांनी इस्पितळाला स्वतःच्या सहीने एक पत्र दिलं होतं, असं नंतर कळलं. तिथल्या कचेरीने ते परत केलं. कंपनीच्या लेटरहेडवर आणा म्हणाले, आणि आता गावड्यांना कुठलंच लेटरहेड नव्हतं. कांबळेबाईंना मात्र वरून एक सवलत मिळाली होती. महिनाअखेरपर्यंत अकरा दिवसांची सूची केसपेपर बघून पुन्हा भरून द्यायची, नाहीतर पुढची कारवाई.

मी गावड्यांना शेवटचं पाहिलं ते तिथे. नवी आवृत्ती सगळ्या गिऱ्हाइकांना पोचवायची होती आणि मुलुंडचं काम माझ्या वाट्याला आलं. दुपारचे तीन वाजले असतील. टेपची पेटी आणि माझं नवं, गुळगुळीत कव्हराचं मॅन्युअल घेऊन मी रेकॉर्डच्या खोलीत गेलो. केसपेपरचे गठ्ठे जमिनीपासून कमरेपर्यंत रचलेले. धूळ, आयोडिनचा वास, दोऱ्यांचे तुकडे. टर्मिनलशी गावडे बसले होते. बाजूला स्टुलावर कांबळेबाई. त्या नंबर आणि नाव वाचायच्या, गावडे टाइप करायचे, मग पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवायचे आणि बाई कागदाशी ताडून 'बरोबर' म्हणायच्या. मग पुढचा. कागदांवर रक्ताचे आणि औषधाचे डाग होते. गावडे ते पूर्ण पंजाने उचलत होते.

त्यांनी मला पाहिलं. हातातली पेटीही पाहिली.

"आलास? बरं झालं," ते म्हणाले. "पेटी ठेव तिकडे. त्या गठ्ठ्यातले नंबर वाचून दे. तिघं असलो तर शनिवारपर्यंत होईल."

गठ्ठे बरेच होते. महिना संपायला चार दिवस होते.

"खाली कंपनीची गाडी थांबलीय," मी म्हटलं. "अजून दोन ठिकाणी जायचंय."

गावड्यांनी मान हलवली. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. ओळखही नव्हती.

पेटी मिळाल्याची पावती घ्यायची होती. मी ती बाईंपुढे धरली. त्यांनी हात पदराला पुसून पेन घेतलं, पावती पूर्ण वाचली, आणि सही करायच्या आधी पेटीकडे बघून विचारलं, "साहेब, ह्याच्यात तीच भाषा आहे का? काम नाही झालं, तर नाही झालं म्हणून सांगेल ना ही?"

गावड्यांचे हात कळांवर थांबले होते. ते पडद्याकडे बघत होते.

"मॅन्युअलमध्ये सगळं दिलंय, बाई," मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, फोनवरचा आवाज ऐकल्यासारखं, आणि सही केली. मी पावती खिशात घातली. दाराशी पोचतो तोच मागून गावड्यांचा आवाज आला, नेहमीसारखा, खालच्या स्टुलावरून बोलत असल्यासारखा शांत.

"हां बाई, पुढचा नंबर सांगा."

त्या सांगू लागल्या आणि मी जिना उतरलो.